सोलापूरात की सोलापुरात? आपलं लिखाण आपणच संगणकावर कसं तपासायचं

संगणकाने शब्दांखाली ओढलेल्या लाल रेघा गेल्या म्हणजे लेख तपासून झाला, असं मानणाऱ्यांसाठी हे लिहितेय. रेघा घालवणं हे तपासणीतलं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत शेवटी करायचं काम आहे. खरी गडबड असते ती ज्यांच्याखाली रेघ येतच नाही अशा शब्दांत.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण पुढची अर्धी पद्धत त्यावर उभी आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. दिवसभर पार्ट्यांना पत्रं, बिलं, ईमेल. घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, गल्लीत दोन्ही आणि वरून कानडी. रात्री जेवणं उरकली की मी मराठीत लिहिते: गड्ड्याच्या यात्रेवर (सिद्धेश्वराची जानेवारीतली इथली मोठी जत्रा), विडी वळणाऱ्या बायकांवर, बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळींवर. कधी पुरवणीत छापून येतं, कधी दिवाळी अंकात. तर माझ्या लिखाणात चूक शिरायचे दोन रस्ते आहेत, एक घरच्या तेलुगूचा आणि दुसरा ऑफिसच्या पत्रभाषेचा. तुमचे रस्ते वेगळे असतील. ते हुडकायचे आणि संगणकाला नेमकं तिथे शोधायला लावायचं. दुसऱ्या कुणी केलेली चुकांची यादी तुमच्या फारशी कामाची नाही.

आधी यंत्र नीट लावा

मी लिबरऑफिस रायटर वापरते. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं. वर्ड असेल तर तेही चालेल, फक्त बटणांच्या जागा बदलतील.

पहिलं काम भाषा ठरवायचं. टूल्स, मग ऑप्शन्स, मग 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' उघडा. जुन्या आवृत्तीत त्याला 'लँग्वेज सेटिंग्ज' म्हणतात. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' अशी ओळ असते, देवनागरीचा कारभार तिच्याकडे. तिथे मराठी निवडा. हिंदी असेल तर दोनपैकी एक होतं. एक तर साध्यासुध्या मराठी शब्दांखाली लाल रेघांचा सडा पडतो, नाही तर हिंदीचा शब्दकोश बसवलेलाच नसल्यामुळे एकही रेघ येत नाही आणि आपल्याला वाटतं, वा, काय निर्दोष लिहिलंय!

दुसरं, मराठीचा शब्दकोश. लिबरऑफिसच्या एक्स्टेंशनच्या पानावर मराठी म्हणून शोधलं की स्पेलचेकर सापडतो. फाइल उतरवा, तिच्यावर दोनदा क्लिक करा, रायटर बंद करून पुन्हा उघडा. झालं.

हा शब्दकोश ज्या इंजिनावर चालतो त्याचं नाव हनस्पेल. फायरफॉक्समध्येही तेच आहे. मुळात ते हंगेरियन भाषेसाठी लिहिलं गेलं, कारण त्या भाषेतही शब्दाला मागून प्रत्ययावर प्रत्यय लागत जातात. त्याच्याजवळ मूळ शब्दांची एक यादी असते आणि त्यांना काय काय चिकटू शकतं याचे नियम असतात. मराठीत हे प्रकरण लांबतं. घर, घराचा, घरासमोर, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनासुद्धा... यादी कुठवर पुरणार? म्हणून बरोबर शब्दाखालीही रेघ येते. त्याला घाबरू नका आणि त्याच्या नादाने चांगला शब्द मोडूही नका.

आपल्या गावचे शब्द शब्दकोशाला माहीत नसतात. बाळीवेस, होटगी, कुंभारी, नंदीध्वज (गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या), यण्णीमज्जन, पद्मशाली हे सगळे मी स्वतःच्या यादीत घातलेत. राइट क्लिक करून 'ॲड टू डिक्शनरी' म्हणायचं. पण शब्द घालण्याआधी एकदा खात्री करा. चुकीचा शब्द एकदा आत गेला की त्याच्याखाली पुन्हा कधी रेघ येत नाही. अधूनमधून ऑप्शन्समधल्या 'रायटिंग एड्स'मध्ये जाऊन आपली यादी वाचून काढावी, नको ते पुसावं. आणि 'होटगी' घातलं म्हणून 'होटगीच्या' आपोआप आत येईल असं समजू नका, लागेल तसं तेही घालावं लागतं.

एका फेरीत एकच काम

आमच्या कारखान्यात टॉवेलचा ताका चेकिंग टेबलवर येतो तेव्हा तपासणारी बाई एका वेळी एकच गोष्ट बघते. तुटलेला धागा बघताना ती रंगाकडे बघत नाही. लेखाचंही तसंच करा. मी आधी मजकूर बघते, मग वाक्यं, मग शब्द, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. उद्या कापून टाकायच्या परिच्छेदातला ऱ्हस्व-दीर्घ आज रात्री कशाला सुधारायचा?

मजकुराच्या फेरीसाठी एक साधी युक्ती. नवी फाइल उघडा आणि प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य तिथे चिकटवा. ही वाक्यं एकाखाली एक वाचली की लेख कुठे भरकटला ते लगेच दिसतं. गड्ड्यावरच्या लेखात माझी चार वाक्यं सलग होम मैदानावरच्या पाळण्यांबद्दल होती आणि यात्रेतला मुख्य कार्यक्रम, अक्षता सोहळा, पार तळाला गेला होता. मग परिच्छेद वरखाली केले. कापलेलं काही फेकत नाही, 'कात्रणं' नावाच्या फाइलीत टाकते. त्यातले पाळणे पुढे वेगळ्या लेखाला कामाला आले.

कापाकापीआधी 'ट्रॅक चेंजेस' सुरू करावं, एडिट मेनूत मिळतं. काढलेलं खोडलेलं दिसतं, घातलेलं रंगात दिसतं. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर फाइल मेनूतल्या 'व्हर्जन हिस्ट्री'त जाऊन त्या दिवसाच्या खर्ड्याला नाव देऊन ठेवा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा फाइलींचा संसार मग वाढत नाही.

सारखी दिसणारी पण वेगळी अक्षरं

हा भाग थोडा किचकट आहे, पण तो कळला नाही तर पुढची सगळी शोधाशोध फसते.

संगणकाला अक्षराचं रूप दिसत नाही, त्याचा नंबर दिसतो. मराठीत काही अक्षरं डोळ्याला एकसारखी दिसतात पण नंबर निराळे असतात. 'ॲ' घ्या. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या या नंबरांच्या जगभरच्या यादीत, २००८ साली आलं. त्याआधी आणि अजूनही काही कीबोर्डांवर लोक 'अ' टंकून त्यावर चंद्र देतात. मोबाइलवर लिहिलेला 'ॲसिड' आणि ऑफिसच्या संगणकावर लिहिलेला 'ॲसिड' कागदावर सारखे दिसतील, पण एक शोधायला गेलात तर दुसरा सापडणार नाही. शंका आली तर वर्डमध्ये अक्षराच्या मागे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबा. एकाच्या जागी ०९७२ येईल, दुसऱ्यात चंद्राच्या जागी ०९४५. पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत येतं.

दुसरं ठिकाण म्हणजे 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. तोही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा नुक्त्याच्या ऱ ची, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायची. मी अर्धा लेख बसमध्ये फोनवर लिहिते आणि अर्धा घरी लॅपटॉपवर, त्यामुळे माझ्या फाइलीत दोन्ही येतात. दुरुस्ती सोपी आहे. फाइलीतला नको असलेला 'ऱ्या' कॉपी करून शोधायच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत हवा तो टंका, आणि सगळे बदला. नंबर पाठ करायची गरज नाही. मात्र 'न दिसणारी चिन्हं सगळी उडवून टाका' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते चिन्ह नुसतं उडवलं तर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो आणि र डोक्यावर जाऊन बसतो.

जुन्या श्री-लिपीतला किंवा तशा दुसऱ्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर पहिली वेलांटी आणि रफार हे दोन डोळ्यांत तेल घालून बघावेत. जागा सोडून शेजारच्या अक्षरावर बसायची खोड त्यांनाच असते.

शोधा, पण 'सगळे बदला' जपून

कंट्रोल आणि एच दाबलं की शोधा-बदलाची चौकट येते. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातलं सगळ्यांत कामाचं हत्यार हेच, आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारंही. त्या चौकटीत 'डायाक्रिटिक-सेन्सिटिव्ह' अशी खूण दिसली तर ती लावून ठेवा, नाही तर पु आणि पू एकच धरले जाण्याचा धोका असतो.

सुरुवात आपल्या गावापासून करू. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्यानुसार गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. म्हणजे सोलापूर, सोलापूरला, सोलापूरहून, पण सोलापुरात, सोलापुरी, सोलापुराने. आता संगणकाला हा नियम शिकवत बसायचं कारण नाही. शोधायच्या चौकटीत फक्त 'पूरा' टाका. सोलापूरात, पंढरपूरात, तुळजापूरात, शिवाय महापूराचे, कापूराचा, अपूरा हे सगळे एका झटक्यात हाती लागतात आणि सगळेच चुकीचे असतात. मग 'पूरी' टाका, म्हणजे 'सोलापूरी चादर' सापडेल. मग उलट बाजूने 'पुर' टाकून पुढे एक स्पेस द्या, म्हणजे 'सोलापुर' सापडेल. तीन शोधांत काम फत्ते. बाजारातल्या निम्म्या चादरींच्या पिशव्यांवर ही फेरी मारावीशी वाटते, पण ते आपलं काम नव्हे.

आता उलट उदाहरण. मी बोलीतलं 'केलं, झालं, गेलं' लिहिते. ऑफिसचा हात पडला की 'केले, झाले' येतं आणि एकाच लेखात दोन्ही मिसळतात. 'ले' शोधून सरसकट 'लं' करायचा मोह होतो. करू नका. लेखकाचा 'लंखक' होईल, लेकीची 'लंकी' होईल, आणि 'नंदीध्वज निघाले' हे अनेकवचन उगाच बिघडेल. इथे एकेक थांबत, 'फाइंड नेक्स्ट' दाबत जायचं. कंटाळा येतो, पण वाक्यं पुन्हा एकदा नजरेखालून जातात हा फायदाच.

'सगळे बदला' कुठे चालतं? जिथे दुसरा अर्थ निघूच शकत नाही तिथे. दोन स्पेसच्या जागी एक, पूर्णविरामाआधीची स्पेस काढणं, 'कांही'चं 'काही', 'नांव'चं 'नाव'. शेवटच्या दोहोंत 'पूर्ण शब्द' ही खूण लावावी.

आपल्या खोडींची यादी

आता मुख्य मुद्दा. एक फाइल करा, नाव काहीही द्या, आणि तुमच्या लेखात संपादकांनी, मित्रांनी, मुलांच्या शिक्षकांनी आजवर जे जे लाल केलं ते तिच्यात उतरवा. माझी यादी सांगते, म्हणजे कल्पना येईल.

पहिली खोड अल्पप्राण-महाप्राणाची. घरच्या तेलुगू बोलण्यात घ, ध, भ फारसे उच्चारले जात नाहीत, ते ग, द, ब होतात. कानाला सवय तीच, म्हणून हातही तसाच चालतो. चादरीची 'घडी' घालायची तिथे मी 'गडी' घालते. सुरीची 'धार' लावायची तिथे 'दार' लावते. स्पेलचेकर गप्प, कारण गडी हाही शब्द आहे आणि दारही. भार-बार, खाट-काट, भात-बात, सगळ्या अशाच जोड्या. म्हणून यादीतला प्रत्येक शब्द चौकटीत टाकून 'फाइंड ऑल' म्हणते. सगळ्या जागा एकदम निवडल्या जातात. चौकट बंद करून वरून पिवळा रंग दिला की लेखात कुठे कुठे बघायचं ते झळकतं.

दुसरी खोड लिंगाची. तेलुगूत एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं, बायकांसकट, एकीकडे. वस्तूंना तो-ती-ते अशी वाटणी नाही. मराठीत मात्र माग तो, चादर ती, सूत ते. टॉवेल तो, गिरणी ती, कापड ते. भोंगा तो, विडी ती, पान ते. जन्मभर ऐकूनही लांबलेल्या वाक्यात माझं 'नवी कापड' होतंच. नाम जवळ असलं की विशेषण नीट बसतं, नाम लांब गेलं की बिघडतं: 'गिरणीत त्या काळी तीन पाळ्यांत विणलं जाणारी कापड'. म्हणून लेखातली वारंवार येणारी नामं काढते, एकेक नाम शोधते आणि त्याच्या मागचं विशेषण आणि पुढचं क्रियापद तपासते. दोन हजार शब्दांच्या लेखात अशी नामं मोजकीच असतात, काम वाटतं तितकं मोठं नाही. 'तंबाखू'सारखा शब्द तो आणि ती दोन्ही तऱ्हांनी ऐकू येतो. तिथे एक ठरवायचं आणि लेखभर तेच ठेवायचं.

तिसरी खोड पत्रभाषेची. ती माझ्या एकटीची नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण शहरातली प्रत्येक निमंत्रणपत्रिका तिने भरलेली असते. चौकटीत 'ण्यात' टाका. करण्यात आले, देण्यात येत आहे, काढण्यात आली, सगळे बाहेर येतील. माझ्या एका खर्ड्यात वाक्य होतं, 'नंदीध्वजांचे पूजन करण्यात आले व मिरवणूक काढण्यात आली.' कुणी केलं? कुणी काढली? वाक्यात माणूसच नाही. त्याचं मी केलं, 'मानकऱ्यांनी नंदीध्वज पूजले आणि बाराबंदी घातलेल्या भक्तांनी ते खांद्यावर पेलले.' असं लिहायला बसले तेव्हा कळलं की कोण काय करतं ते मलाच नीट माहीत नव्हतं. मग विचारून आले. 'ण्यात'चा असा फायदा होतो, तिथे लेखकाने न विचारलेला प्रश्न लपलेला असतो. त्याच फेरीत 'च्या माध्यमातून', 'संदर्भात', 'असणारे', 'सदर' हेही शोधा. 'सदर' दिसला की मी हात धुवून घेते.

चौथी, लाडके शब्द. हे स्वतःला दिसत नाहीत, मोजावे लागतात. लेखाची एक प्रत करा. तिच्यातली विरामचिन्हं काढा, मग प्रत्येक स्पेसच्या जागी नवी ओळ घाला. लिबरऑफिसमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'ची (नमुना देऊन शोधायच्या सोयीची) खूण लावून खालच्या चौकटीत उलटी तिरपी रेघ आणि इंग्रजी लहान एन टाकलं की होतं. एका ओळीत एक शब्द अशी लांबलचक यादी मिळेल. ती कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये चिकटवा आणि पिव्हट टेबलने, म्हणजे सारख्या नोंदी मोजून देणाऱ्या तक्त्याने, मोजा. 'आहे', 'आणि' वर असणारच, ते सोडून द्या. त्यांच्या खाली 'खरं तर', 'एकूणच', 'अक्षरशः' यांच्यापैकी तुमचा कोण ते सापडेल. दोन शब्दांचे लाडके या मोजणीत तुटतात, तेव्हा 'खरं' फार आले तर शोधून खात्री करा. माझा 'अगदी' आहे. वरच्या लेखात एकच ठेवलाय की जास्त, ते तुम्ही मोजा.

नावं आणि आकडे

जानेवारीत सोलापुरात गड्डाही असतो आणि हुतात्म्यांची पुण्यतिथीही, त्यामुळे त्या दिवसांत पुरवण्यांमध्ये नावांची दाटी होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० सालच्या मार्शल लॉनंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. एकाच लेखात वर 'कुर्बान' आणि खाली 'कुरबान', वर 'हुसेन' आणि खाली 'हुसैन' असं होता कामा नये. तसंच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं 'कोटनीस' होतं. विद्यापीठाचं पूर्ण नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. एवढं लांब नाव दर वेळी हाताने लिहिताना काही ना काही सांडणारच.

उपाय ऑटोकरेक्टचा. टूल्समध्ये ऑटोकरेक्टच्या यादीत एका बाजूला छोटी खूण लिहायची, उदाहरणार्थ 'अहोसो', आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण नाव. लिहिताना 'अहोसो' टंकून स्पेस दिली की पूर्ण नाव उमटतं, दर वेळी तेच. खूण अशी निवडा की जी एरवी शब्द म्हणून येणार नाही. चारही हुतात्म्यांच्या नावांना मी अशा खुणा देऊन ठेवल्यात.

आकड्यांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन चालू ठेवून शोधायच्या चौकटीत [०-९] असं टाका. कर्सर एका आकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाईल. प्रत्येक ठिकाणी थांबून एकच प्रश्न विचारायचा: हे मी कुठून घेतलं? उत्तर नसेल तर आकडा काढायचा. मग त्याच चौकटी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ टाकून बघा, फोनवर लिहिलेले इंग्रजी आकडे मध्येच घुसलेले सापडतील.

ऐकून तपासणं

डोळा आपलं लिखाण वाचत नाही, आपल्याला काय म्हणायचं होतं ते वाचतो. कानाला ती सवय नसते. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये मराठीतून वाचून दाखवायची सोय आहे आणि त्यात आरोही व मनोहर नावांचे दोन आवाज मिळतात. लेख रायटरमधून एचटीएमएल (वेबपानाची फाइल) म्हणून सेव्ह करा, एजमध्ये उघडा, आणि कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा. वर 'व्हॉइस ऑप्शन्स'मध्ये आवाज आणि वेग निवडता येतो. इंटरनेट चालू हवं. अँड्रॉइड फोनवर 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केलं तरी मराठी वाचलं जातं.

मी मनोहर निवडते, कारण आरोहीचा आवाज गोड आहे आणि गोड आवाजात वाईट वाक्यही खपून जातं. वेग जरा वाढवते. यंत्र आपल्यासारखं अर्थाला धरून थांबत नाही, हेच हवं असतं. वाक्यात श्वास घ्यायला जागा नसेल तर ते धापा टाकल्यासारखं वाचत सुटतं आणि आपल्याला शरम वाटते. गळलेला 'ने', दोनदा आलेला 'तर', कर्ता एक आणि क्रियापद भलत्याचंच, सगळं ऐकू येतं. मघाची 'गडी'ही ऐकू येते, कारण यंत्र लिहिलंय तेच वाचतं, माझ्यासारखं मनातल्या मनात ह जोडून घेत नाही.

ऐकताना दुरुस्ती करू नये. कागदावर छापून घ्या आणि पेन्सिलीने समासात नुसती फुली मारत जा. थांबवून थांबवून सुधारलं तर लय हातातून जाते, आणि लयीसाठीच तर ऐकायचं असतं. कानडी-तेलुगू नावं यंत्र वाकडीतिकडी वाचेल, ते सोडून द्या.

एआयला काय विचारावं

एआयला 'सुधारून दे' असं म्हणू नका, एवढंच सांगून हा भाग संपवता आला असता. पण लोक वापरणारच आहेत, मीही वापरते.

माझ्या विडीवरच्या लेखात एक मावशी दुसरीला म्हणते, 'काय करायलीस गं?' सुधारून आलेल्या प्रतीत ती म्हणत होती, 'तू काय करत आहेस?' पूर्व भागात विडी वळणारी एकही बाई असं बोलत नाही. भाषा स्वच्छ झाली आणि मावशी निघून गेली. म्हणून मी दुरुस्ती मागत नाही, प्रश्न मागते. 'हा लेख सोलापूर न पाहिलेल्या वाचकासारखा वाच. कुठे समजलं नाही, कुठे कंटाळा आला, कुठल्या विधानाला आधार दिलेला नाही, तेवढंच सांग. एकही वाक्य बदलू नकोस.' याची उत्तरं कामाची येतात. एकदा त्याने विचारलं, 'पत्ती म्हणजे काय?' बरोबरच होतं, तेंदूच्या पानाचा उल्लेखच मी केला नव्हता.

नवी माहिती त्याच्याकडून घेऊ नका. सालं आणि नावं ते मोठ्या आत्मविश्वासाने चुकवतं. आणि कुणाची खाजगी हकीकत असेल तर पेस्ट करण्याआधी नाव, गल्ली, कारखाना बदलून घ्या. त्या बाईने ती तुम्हाला सांगितलीय.

तरीही सुधारलेली प्रत घेतलीच तर डोळ्यांनी ताडून बघू नका. ती वेगळ्या फाइलीत ठेवा, 'ट्रॅक चेंजेस'खालचं 'कंपेअर डॉक्युमेंट' निवडा आणि आपल्या मूळ फाइलीशी भिडवा. वर्डमध्ये हे रिव्ह्यू टॅबवर आहे. शब्द न् शब्द कुठे बदलला ते रंगात दिसेल. मग एकेक बदल स्वीकारा किंवा नाकारा. मी बरेचसे नाकारते, पण स्वल्पविरामांच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा हुशार आहे हे कबूल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी परत पाठवलेली फाइलही अशीच ताडून बघावी, काय कापलं ते कळतं आणि आपल्या खोडींच्या यादीत भर पडते.

पाठवताना

हे सगळं झालं की मग स्पेलचेकर चालवा, एफ ७ दाबून, वरून खालपर्यंत. एव्हाना फारशा रेघा उरलेल्या नसतात.

लेख युनिकोडमध्ये वर्डच्या फाइलीत पाठवा आणि सोबत त्याचीच पीडीएफ जोडा. अजूनही पुष्कळ ठिकाणी मजकूर जुळणीसाठी वेगळ्या फॉन्टात बदलला जातो. तिथे रफार उडाला तर जुळणाऱ्याला ताडून बघायला पीडीएफ हाताशी लागते. ईमेलमध्ये लेखातल्या माणसांची आणि ठिकाणांची नावं वेगळी, एकाखाली एक लिहून द्या.

प्रूफ आलं की मजकुराआधी मथळा, आपलं नाव आणि फोटोखालच्या ओळी वाचा. फोटोओळी कुणीतरी दुसऱ्यानेच घाईत टंकलेल्या असतात. त्या आपल्या फाइलीत नव्हत्याच, त्यामुळे वरच्या एकाही फेरीतून गेलेल्या नाहीत.